वाचकांचे प्रश्न : फिरती सॉ मिल दारात येण्यापूर्वी

प्रश्न : कुडाळ तालुक्यात आमची वडिलोपार्जित बाग असून तिच्यात रायवळ आंबे, फणस आणि बांधावर लावलेले अकेशिया बरेच आहेत. २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेली झाडे आम्हांला सरपणाच्या भावाने द्यावी लागली. तेव्हापासून आपले लाकूड आपणच कापावे, असे मनात होते. आता चुलतभावाने आणि मी मिळून पेट्रोल इंजिनाची, रुळांवर सरकणारी आडव्या बँडसॉची (अखंड पट्टीसारख्या पात्याच्या करवतीची) फिरती सॉ मिल नोंदवली आहे. दिवाळीनंतर ती सुट्या भागांत येईल. चेनसॉ वापरण्याखेरीज या कामाचा आम्हांला अनुभव नाही. ती येण्यापूर्वी कोणती तयारी करावी, जोडणी कशी करावी आणि शिकावे कसे, हे सविस्तर सांगावे.
— एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : यंत्राच्या आधी कागदांविषयी लिहितो, कारण ते अपुरे असतील तर पुढची सगळी तयारी वाया जाते. सर्वोच्च न्यायालयाने वनसंरक्षणाविषयीच्या गोदावर्मन प्रकरणात ऑक्टोबर २००२ मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्रीय समितीच्या पूर्वसंमतीविना नवी सॉ मिल उघडू देण्यास राज्यांना मनाई झाली. पुढे २०१६ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि हे काम राज्यस्तरीय समितीकडे आले. मिल चाकांवर किंवा रुळांवर आहे, ती केवळ घरच्या लाकडासाठी आहे, म्हणून तिला काहीच लागत नाही, असे कोणी तोंडी सांगितले तर त्यावर विसंबू नये. यंत्राचे माहितीपत्रक, जागेचा सातबारा आणि आपण कोणते लाकूड किती कापणार याचा तपशील जोडून सावंतवाडीच्या उपवनसंरक्षक कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत यंत्र सुरू करू नये. झाड तोडण्याचा प्रश्न याहून वेगळा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, जांभूळ ही आपल्या बागांतली नेहमीची झाडे आहेत आणि ती स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीविना तोडता येत नाहीत. वादळात पडलेल्या झाडाचाही पंचनामा करून घेतलेला बरा, कारण सहा महिन्यांनी अंगणातला ओंडका कोठून आला, हे तोंडाने सिद्ध करता येत नाही.

आता जागा. यंत्र येण्यापूर्वी आपल्या हाती असलेला सर्व वेळ मी जागेवर खर्च करीन, कारण नंतर फळीत दिसणाऱ्या निम्म्या दोषांचे मूळ जमिनीत असते. घरापासून आणि गोठ्यापासून लांब, ट्रॅक्टर किंवा टेंपो पाठीमागे येऊ शकेल अशी, पावसाचे पाणी न साचणारी जागा निवडावी. ओंडके ज्या बाजूने येणार त्या बाजूस बेडच्या (ज्यावर ओंडका ठेवून कापतात त्या रुळांच्या सांगाड्याच्या) उंचीचा लाकडी किंवा चिऱ्याचा ओटा बांधावा, म्हणजे ओंडका उचलावा न लागता घरंगळत बेडवर येईल. मात्र हा ओटा बेडकडे उतरता नसावा. तो सपाट असावा आणि त्यावरील प्रत्येक ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना ठोकळ्यांचा अडसर असावा. सालपाटे पडण्याची जागा, फळ्या रचण्याची जागा आणि भुशाचा ढीग हे तिन्ही आधीच ठरवून ठेवावेत, नाहीतर पहिल्याच दिवशी दोन माणसे सालपाटांत अडखळत चालतात. भुसा वाऱ्याने चालकाच्या तोंडावर येणार नाही, अशी यंत्राची दिशा ठेवावी. (ताजा भुसा आंब्याच्या आळ्यात थेट टाकू नये. तो कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो. वर्षभर शेणाबरोबर कुजवून वापरावा.)

आपली जागा कातळावर असेल तर आपण भाग्यवान आहात. भरावाची माती असेल तर तिच्यावर एक पावसाळा जाऊ द्यावा, किंवा ती खोदून खाली चिऱ्यांचा पाया घ्यावा. रूळ थेट जमिनीवर टेकवू नयेत. सहा इंच चौरस सोट आडवे टाकून त्यांवर रूळ बसवावेत आणि सोटांमधील अंतर यंत्राच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणेच ठेवावे. पातळी पाहण्यासाठी गवंड्याची पाण्याची नळी आणि पाणसळ ही दोन साधने पुरेशी आहेत, परंतु तिसरी एक चाचणी मी आवर्जून करायला सांगतो. रुळांच्या चार टोकांवर एकाच उंचीचे ठोकळे ठेवून त्यांवरून दोन बारीक दोऱ्या फुलीसारख्या तिरप्या ताणाव्यात. मधोमध दोन्ही दोऱ्या एकमेकींना जेमतेम स्पर्श करत असतील तर बेडला पीळ नाही. एक दोरी दुसरीला दाबत असेल किंवा त्यांच्यात फट असेल, तर एखादा कोपरा वर किंवा खाली आहे. दोऱ्या एकदा खालून-वरून बदलूनही पाहाव्यात. संपूर्ण बेड जमिनीच्या उताराने किंचित एका बाजूस झुकलेला असला तरी फळी सरळ येऊ शकते, पण बेडला पीळ असेल तर ती कधीही सरळ येत नाही.

जोडणीच्या दिवशी घाई करू नये. खोकी उघडल्यावर भागांच्या यादीशी एकेक नग पडताळावा, वाहतुकीत वाकलेले काही आढळल्यास जोडण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढून विक्रेत्याला कळवावे आणि पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोघांनीही वाचावी. एकाने वाचायची आणि दुसऱ्याने ऐकायची, असे करू नये. बेडचे बोल्ट प्रथम केवळ हाताने आवळावेत, मग दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आले की पान्याने पक्के करावेत. रुळांचा सांधा बोट फिरवून पाहावा. बोटाला जाणवणारी कड हेडच्या (इंजिन आणि ब्लेड असलेल्या, रुळांवर सरकणाऱ्या भागाच्या) चाकालाही जाणवते आणि तेवढ्याच जागी फळीवर रेघ उमटते. हेड चढवल्यावर, इंजिन सुरू न करता, ते हाताने बेडच्या प्रत्येक आडपट्टीवर नेऊन ब्लेड आणि पट्टी यांमधील अंतर दोन्ही कडांना मोजावे. सर्व मापे एका मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजेत. हीच मोजणी पहिले काही ओंडके कापून झाल्यावर पुन्हा करावी, कारण वजनाने सोट बसतात आणि नवे बोल्ट सैल होतात. पुढे दर पावसाळ्यानंतरही ती करावी.

इंजिनाविषयी एकच गोष्ट ठळकपणे सांगतो. अशी नवी इंजिने बहुधा तेलाविना पाठवलेली असतात. पेट्रोल भरून दोरी ओढण्याच्या उत्साहात तेलाची कांडी पाहायची राहिली, तर काही मिनिटांत इंजिन निकामी होते. पहिल्या तासांत धातूचे बारीक कण तेलात उतरतात, म्हणून पहिले तेल पुस्तिकेत सांगितलेल्या तासांवर, म्हणजे नेहमीच्या मुदतीपेक्षा पुष्कळ लवकर, बदलावे. हवेची जाळी भुशाने भरते, ती रोज पाहावी. इंजिन गरम असताना पेट्रोल ओतू नये.

ब्लेड बसवण्याचा सराव इंजिन बंद असताना, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवून, अनेक वेळा करावा. नवे ब्लेड तीन वेटोळ्यांत गुंडाळून आलेले असते आणि सुटताना ते उसळी घेऊन उघडते, म्हणून जाड हातमोजे, चष्मा आणि मोकळी जागा या तिन्ही गोष्टी हव्यात. दात उलट्या दिशेला दिसत असतील तर ब्लेड सदोष नाही. ते आतले बाहेर असे पलटून घेतले की दिशा बरोबर येते. चाकांवर चढवल्यावर निर्मात्याने सांगितलेला ताण द्यावा आणि चाक हाताने फिरवत ब्लेड कोठे चालते ते पाहावे. सव्वा इंच रुंदीच्या ब्लेडमध्ये दातांमधील खोलगट भागाचा तळ चाकाच्या पुढच्या कडेबाहेर साधारण एक सूत (इंचाचा आठवा भाग) असावा. ते फार मागे किंवा फार पुढे सरकत असेल तर चाकावरून सुटून येण्याचा धोका असतो. त्यानंतर झाकणे लावूनच इंजिन सुरू करावे. काम संपल्यावर ब्लेडचा ताण सोडून ठेवावा. रात्रभर ताणलेले राहिल्यास ब्लेड आणि चाकांवरचे रबरी पट्टे दोन्ही लवकर खराब होतात.

दोघांनी कामे वाटून घ्यावीत. हेड एकच जण चालवेल, दुसरा फळी उचलेल आणि हेड चालू असताना दुसऱ्याने बेडजवळ येऊ नये. ब्लेडच्या रेषेत, म्हणजे हेडच्या डाव्या-उजव्या टोकांसमोर, कोणीही उभे राहू नये, कारण तुटलेले ब्लेड त्या दिशेने बाहेर येते. कानांवर इअरमफ, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मुखपट्टी असावी. सैल कपडे, उपरणे, मोकळा पदर यंत्राजवळ नको. इअरमफ लावल्यावर हाक ऐकू येत नाही, म्हणून ‘थांब’ याची हाताची खूण आधी ठरवावी. आंबा, काजू आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडे आहेत. ज्यांना आंब्याच्या चिकाने अंगावर उठते त्यांनी ओल्या आंब्याच्या भुशापासून कातडी झाकून घ्यावी आणि बिब्ब्याचा ओंडका तर बेडवर चढवूच नये.

पहिले ओंडके कोणते घ्यावेत, यावर माझे मत ठाम आहे. घरचा चांगला फणस किंवा साग पहिल्या महिन्यात बेडवर येता कामा नये. बांधावरचा सरळ, मध्यम घेराचा, सहा ते आठ फूट लांबीचा अकेशिया घ्यावा, ज्याची फळी बिघडली तरी कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा कुंपणाला उपयोगी पडेल. ओंडका बेडवर आल्यावर त्याचे बारीक टोक पाचर देऊन उचलावे, म्हणजे दोन्ही टोकांना गाभ्याची उंची बेडपासून सारखी राहील. पहिला काप सालपाट काढण्यापुरता असतो. मग ओंडका अर्धा फिरवून ती सपाट बाजू बेडवर टेकवावी आणि समोरची बाजू उघडावी. नंतर पाव फिरवून, सपाट बाजू ओंडका अडवणाऱ्या उभ्या खुंट्यांना गुण्याने काटकोनात लावून, तिसरी बाजू उघडावी आणि अखेरीस चौथी. अशा रीतीने चौकोनी गाभा हाती आला की मग फळ्या काढाव्यात. फळ्यांचा हिशेब बेडपासून वर मोजत करावा. प्रत्येक फळीच्या जाडीत कापात जाणारे सुमारे दोन मिलिमीटर मिळवले की शेवटची फळी अर्धवट उरत नाही.

प्रत्येक कापापूर्वी मोठ्याने म्हणावयाची एक गोष्ट आहे : खुंटे आणि पकड ब्लेडच्या खाली आहेत का? ओंडका कापत कापत खाली जातो आणि खुंटे मात्र पहिल्या उंचीवरच राहतात. नवीन चालकांकडून ब्लेड सर्वांत अधिक वेळा तेथेच बाद होते. दोघांपैकी एकाने विचारावे, दुसऱ्याने हात लावून पाहून उत्तर द्यावे, मगच हेड पुढे न्यावे. परत आणताना फळी बाजूला केलेली असावी किंवा हेड किंचित उचललेले असावे, कारण मागे येणाऱ्या ब्लेडमध्ये सालीची ढलपी अडकली तर ती ब्लेडला चाकावरून ओढून काढते.

शिकण्याचे खरे साधन मोजपट्टी आणि वही हे आहे. प्रत्येक फळीची जाडी दोन्ही टोकांना आणि मध्ये, दोन्ही कडांवर, अशी सहा ठिकाणी मोजावी आणि लाकडाचा प्रकार, घेर, ब्लेड किती वेळ चालले व हेड ढकलताना इंजिनाचा आवाज कसा होता, हे सारे लिहून ठेवावे. मापांत अर्ध्या सुताहून अधिक फरक दिसला की पुढचा ओंडका चढवू नये, कारण शोधावे. एक कड सतत जाड येत असेल तर दोष बेडमध्ये किंवा गाईड रोलरमध्ये (ब्लेडला वाटेवर धरून ठेवणाऱ्या रोलरमध्ये) असतो. मध्यभाग जाड-बारीक होत असेल तर ब्लेडकडे पाहावे. पण त्याविषयी पुढच्या पत्राच्या निमित्ताने लिहितो.

प्रश्न : आमच्याकडे परवान्यासह अशी मिल सुरू झाली आहे. सुरुवातीला फळी उत्तम येत होती. आता ती मध्येच लाटेसारखी वर-खाली येते, विशेषतः गाठीजवळ. ब्लेडही फार लवकर बोथट होते. विक्रेता म्हणतो की ताण वाढवा, मिस्त्री म्हणतो की ब्लेड हलक्या दर्जाचे आहे. नक्की काय पाहावे?
— एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

उत्तर : दोघांचेही म्हणणे तपासण्यापूर्वी धार तपासावी. लाटेसारख्या फळीचे सर्वांत नेहमीचे कारण बोथट ब्लेड हेच असते. धार गेली की दात लाकूड कापत नाहीत, दाबतात, आणि दाबलेले ब्लेड जिकडे लाकूड मऊ तिकडे वळते. गाठ कठीण असते, म्हणून ब्लेड गाठीवर चढते किंवा तिच्याखाली बुडते आणि गाठ संपल्यावर पुन्हा वाटेवर येते. त्याच ओंडक्यावर, दुसरे काहीही न बदलता, नवे ब्लेड लावून एक काप घ्यावा. फळी सरळ आली तर यंत्राला हात लावण्याची गरज नाही.

नव्या ब्लेडनेही लाट येत असेल, तर पुढील क्रमाने पाहावे. ताण निर्मात्याच्या आकड्यावर आहे का, आणि काम चालू असताना तो उतरतो का, हे पाहावे. ब्लेड तापून लांबते, म्हणून अर्ध्या तासाने काटा पुन्हा वाचावा. गाईड रोलर ब्लेडला सुमारे पाव इंच खाली दाबतात का, दोन्ही सारखेच दाबतात का, हे बेडपासून मोजून ठरवावे. सरकणारा गाईड ओंडक्यापासून जितका लांब, तितका ब्लेडचा मोकळा भाग अधिक आणि तो वाकण्याची शक्यताही अधिक. म्हणून प्रत्येक ओंडक्याला तो शक्य तितका जवळ आणावा. त्यानंतर हेड ढकलण्याची गती. इंजिनाचा आवाज खाली उतरेल इतक्या जोराने ढकलू नये, पण इतके हळूही जाऊ नये की दात लाकूड न कापता नुसते घासत राहतील, कारण घासण्यानेच ते सर्वाधिक तापतात. भुसा पिठासारखा बारीक आणि गरम निघत असेल तर गती कमी आहे, हे लक्षात घ्यावे.

शेवटी दातांचा वाक. बँडसॉचे दात आळीपाळीने डावीकडे, उजवीकडे असे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाकवलेले असतात आणि त्यामुळेच ब्लेडला लाकडातून जाण्यापुरती वाट मिळते. धार लावता लावता हा वाक कमी होतो. एका बाजूस कमी व दुसऱ्या बाजूस जास्त झाला तर ब्लेड सबंध लांबीभर एकाच बाजूस जाते. फळीवर ओला भुसा थापल्यासारखा चिकटून राहत असेल तर वाक कमी झाला आहे, असे समजावे. धार लावणाऱ्याला केवळ ‘धार लावा’ असे न सांगता ‘वाक मोजा आणि दोन्ही बाजूंना सारखा करा’ असे सांगावे आणि ब्लेड परत आल्यावर स्वतःही मोजावे. कठीण लाकडासाठी दाताच्या पुढच्या कडेचा कोन कमी असलेले ब्लेड अधिक सरळ चालते. सर्वसाधारण कामाला १० अंशांचा कोन ठीक असतो, पण सुकलेल्या ऐनासारख्या लाकडाला ७ किंवा ४ अंशांचे ब्लेड मागवून पाहावे.

आता ब्लेड लवकर बोथट का होते, याविषयी. आपल्या भागातील ओंडके लाल मातीतून ओढत आणले जातात आणि सालीच्या भेगांत जांभ्याची खर भरलेली असते. ती खर दातांना कानशीसारखी घासते. कापण्यापूर्वी ओंडका पाण्याने धुवावा, निदान ज्या रेषेत ब्लेड आत शिरणार तेवढी साल कोयत्याने तासून काढावी. ओंडके ओढण्याऐवजी त्यांचे पुढचे टोक उचलून आणता आले तर उत्तम. साग हा या बाबतीत वेगळा आहे. त्याच्या लाकडातच सिलिका असते, म्हणून स्वच्छ सागानेही ब्लेड लवकर उतरते आणि तो दोष ना आपला ना ब्लेडचा. फणसाचा चीक ब्लेडवर जमतो, त्यासाठी पाण्यात भांडी घासण्याचा साबण थोडासा मिसळून थेंब थेंब सोडावा. पाण्याची धार सोडू नये, थेंबच पुरेसे असतात.

घराजवळच्या झाडांत लोखंड असते. कपडे वाळत घालण्याच्या तारेचा खिळा, झोपाळ्याची कडी, कुंपणाची तार, हे सारे पंचवीस-तीस वर्षांत खोडाच्या आत गडप होते. हातातील धातुशोधक वापरावाच. त्याखेरीज ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर निळसर काळा डाग दिसला तर तेथे लोखंड आहे असे धरून चालावे, कारण लाकडातील टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने हा रंग येतो. बुंध्याचा खालचा चार-पाच फुटांचा भाग सर्वांत संशयास्पद असतो. अशा तुकड्यासाठी जुने, टाकाऊ होत आलेले ब्लेड राखून ठेवावे.

प्रश्न : मी सुतारकाम करतो. शेजारच्या फिरत्या मिलवर रायवळ आंब्याच्या एक इंची फळ्या कापून घेतल्या. त्या पावसाळ्यात काळ्या पडल्या, काही पिळल्या आणि काहींतून पांढरी पूड पडू लागली. पुढच्या वेळी काय करावे?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : आंब्याचे लाकूड देखणे असते, परंतु त्यात पिष्ट भरपूर असते आणि बुरशी व भुंगे यांना तेच हवे असते. पांढरी पूड ही भुंग्याच्या अळीची खूण आहे. कापण्याचा हंगाम बदलावा. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात कापलेली फळी मेपर्यंत वाऱ्यावर पुष्कळशी सुकते. फेब्रुवारीनंतर कापलेल्या फळीला सिंधुदुर्गाच्या तीन हजार मिलिमीटरच्या आसपासच्या पावसापूर्वी पुरेसा वेळ मिळत नाही. ओंडका तोडल्यावर तो आठवडेच्या आठवडे पडू देऊ नये. कापल्याच्या दिवशीच फळ्या बोरॅक्स आणि बोरिक आम्ल यांच्या पाण्यात बुडवून, ओल्याच एकावर एक रचून, काही दिवस प्लॅस्टिकखाली झाकून ठेवाव्यात. औषध ओल्या लाकडात आपोआप आत उतरते, सुकलेल्या लाकडात उतरत नाही. बोरॅक्स दीड भाग आणि बोरिक आम्ल एक भाग हे वजनाचे प्रमाण नेहमी वापरले जाते. हे औषध पावसाने धुऊन जाते, म्हणून त्या फळ्या घरातील कामालाच वापराव्यात आणि ताटे, परडी अशा खाण्याच्या वस्तूंसाठी मुळीच वापरू नयेत.

त्यानंतर रचणी. छपराखाली, जमिनीपासून फूटभर वर, बरोबर एका पातळीतले सोट टाकून त्यांवर फळ्या आणि प्रत्येक थरात पाऊण इंच जाडीच्या, पूर्ण सुकलेल्या रिपा द्याव्यात. रिपांमधील अंतर दीड फूट ठेवावे आणि खालपासून वरपर्यंत सर्व रिपा ओळंब्यात एकावर एक याव्यात. पिळलेल्या फळ्यांचे कारण बहुतेक वेळा येथेच सापडते. फळ्यांच्या टोकांना कापल्याबरोबर मेण किंवा जुना तैलरंग फासावा, कारण टोकांतून पाणी सर्वांत वेगाने जाते आणि चिरा तेथूनच पडतात. सर्वांत वर जड दगड ठेवावेत. फळी एक इंच हवी असेल तर मिलवाल्याला नऊ सूत कापायला सांगावे. एक सूत आकसण्यात आणि रंध्यात जाते.

प्रश्न : ओंडक्याचे घनफूट काढण्याची वखारीतली पद्धत कोणती? आम्ही गणिताने काढलेला आकडा नेहमी जास्त येतो. तसेच, ओंडक्यापैकी फळी किती निघेल असे धरावे?
— एक वाचक, ता. पेडणे, गोवा

उत्तर : वखारीत घेराच्या चौथाईने मोजतात. ओंडक्याच्या मध्याशी दोरीने घेर इंचांत घ्यावा, त्याला चाराने भागावे, आलेल्या आकड्याचा वर्ग करून त्याला फुटांतील लांबीने गुणावे आणि १४४ ने भागावे. ४८ इंच घेर आणि ८ फूट लांबी असेल तर चौथाई १२, तिचा वर्ग १४४ आणि उत्तर ८ घनफूट येते. वर्तुळाच्या सूत्राने त्याच ओंडक्याचे आकारमान सुमारे १०.२ घनफूट भरते. म्हणजे या पद्धतीत खऱ्या आकारमानाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच धरले जातात आणि उरलेले सालपाटांचे व वाया जाणारे म्हणून सोडले जाते. खरेदी आणि विक्री दोन्ही एकाच पद्धतीने होत असेल तर त्यात कोणाचे नुकसान नाही. एक व्यवहार एका पद्धतीने आणि दुसरा दुसऱ्या पद्धतीने झाला तरच ते होते, म्हणून भाव ठरवण्यापूर्वी मोजणी ठरवावी.

फळी किती निघेल, हे ओंडक्याच्या सरळपणावर आणि जाडीवर अवलंबून असते. नव्या चालकाने खऱ्या आकारमानाच्या निम्मे धरून चालावे. बँडसॉचा काप दोन मिलिमीटरच्या आसपास असतो, तर गोल पात्याच्या करवतीचा पाच-सहा मिलिमीटर. दहा कापांत हा फरक तीन-चार सेंटिमीटर होतो, म्हणजे एका ओंडक्यामागे एक इंची फळी एक तरी अधिक मिळते.

आपल्या उदाहरणातला ओंडका ओला असेल तर त्याचे वजनही काढून ठेवावे. १०.२ घनफूट म्हणजे जवळपास २९० लिटर, आणि ओले आंब्याचे लाकूड पाण्याच्या वजनाच्या जवळपास भरते. म्हणजे चार फूट घेराचा, आठ फूट लांबीचा ओंडका तीनशे किलोच्या आसपास जातो. हा दोन माणसांनी हाताने उचलू नये. ओंडका फिरवण्याचा आकडा लावलेला लांब दांडा किंवा ट्रॅक्टरला जोडलेली साखळी वापरावी, आणि तो फिरवताना उताराच्या बाजूस कोणीही उभे राहू नये.